थांबा, मी येतो

मुसफ्फा, अबू धाबी
रविवार, २८ जुलै २०२४

हमदुल्लाभाई,
अस्सलामु अलैकुम.

फोन अम्मा घेते, भाभी घेते, तुम्ही घेत नाही. विचारलं की अम्मा कधी म्हणते मशिदीत गेलाय, कधी म्हणते बागेत गेलाय, कधी आत्ताच डोळा लागलाय. तीन आठवडे सलग तुम्ही माझ्या फोनच्या वेळी घरात नसाल हे पटत नाही. म्हणून लिहायला बसलो. आपल्याकडचा एक जण उद्या सुट्टीवर निघतोय, त्याच्या हाती पाकीट देतो. कागदावर मराठी लिहून मला किती वर्षं झाली आठवत नाही. माझं अक्षर तुम्हीच पाटीवर घोटून घेतलंत. वाईट आलं तर रागवा, पण वाचा.

अब्बांच्या मातीला मी नव्हतो, याचा तुम्हाला राग आहे. तो असायलाच हवा. पण काय झालं ते एकदा माझ्या तोंडून ऐका.

मंगळवारी, नऊ तारखेला, तुमचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो. तुम्ही म्हणालात, अब्बा गेले, दुपारच्या जोहरच्या अजानच्या थोडं आधी. संध्याकाळचं विमान पकड, पहाटे फजरला पोचशील, आम्ही थांबतो. मी म्हटलं, थांबा, मी येतो. लगेच ऑफिसात गेलो. आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतात आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस त्या दिवशी साइटवर होता. संध्याकाळपर्यंत त्याची वाट पाहिली. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी फजरला तुम्ही विचारलंत कुठवर आलास, तेव्हा मी हेच सांगितलं. सकाळी ऑफिस उघडलं तर म्हणाले मालकांची सही लागेल, आणि मालक देशाबाहेर. या धावपळीत माझ्या फोनची बॅटरी संपली. पुन्हा फोन लावला तोवर तुमच्याकडे असरची नमाज होऊन गेली होती आणि तुम्ही अब्बांना घेऊन गेला होता.

तुम्ही सत्तावीस तास थांबलात. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून बंदरावरचा बर्फाचा कारखानाही बंद. तुमचा फहद टेम्पो घेऊन माणगावला गेला आणि लाद्या आणल्या. खणून ठेवलेल्या कबरीत पाणी भरत होतं आणि मोहल्ल्यातली पोरं पाळीपाळीनं बादल्यांनी उपसत होती. हे सगळं भाभीनं सांगितलं. तुम्ही एक अक्षर सांगितलं नाहीत.

कंपनीपुढे माझं काही चाललं नाही. अल्लाहची मर्जी म्हणायचं, दुसरं काय.

अब्बांनी शेवटी कुणाचं नाव घेतलं का, तेवढं तरी कळवा.

तुमचा,
खैरुद्दीन


मुसफ्फा
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

भाई,
सलाम.

गेल्या आठवड्यात यम्नानं तिचे सुट्टीतले फोटो टाकले. मुलगी आहे, कॉलेजात नव्या मैत्रिणी झाल्या, त्यांना दाखवायचे होते. तिला काही कळलं नाही आणि मी तिला काही सांगून ठेवलं नव्हतं. एका फोटोखाली तुमच्या फहदनं एवढंच विचारलं, ही तारीख बरोबर आहे का. तिनं लिहिलं, यस, नाइन्थ जुलै, बेस्ट डे ऑफ द ट्रिप.

मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अब्बू, फहदभाईनं मला ब्लॉक का केलं?"

फोटो तुम्ही पाहिला असणार. मी बोटीत बसलोय, डोक्यावर आमच्या अहमदची टोपी, हातात कलिंगडाची फोड. तोंड हसरं आहे. आमच्या मागे जे पांढऱ्या घरांचं गाव दिसतं ते अबू धाबीत नाही. ते ग्रीस देशातलं नाक्सोस नावाचं बेट आहे. आम्ही तिथे सहा ते तेरा जुलै होतो.

पासपोर्टचं मी खोटं सांगितलं. ते कबूल करतो. पण बाकीचं तुम्ही समजता तसं नाही. सुट्टी मला अगदी शेवटच्या घटकेला मिळाली, गावाची तिकिटं तोवर मिळत नव्हती. सुमैय्याची फार दिवसांची हौस होती आणि मुलांनी हट्ट धरला. लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत आम्ही गावाशिवाय कुठे गेलो नव्हतो. तुमचा फोन आला तेव्हा मी लगेच बंदरावर धावलो. पण त्या समुद्रात उन्हाळ्यात मोठा वारा सुटतो, तसा सुटला होता, आणि अथेन्सकडे जाणाऱ्या बोटी बंद होत्या. अडकलो. तुम्हाला खरं सांगायची हिंमत झाली नाही, कारण आम्ही फिरायला गेलोय हे घरी माहीत नव्हतं. अब्बांना मी सुट्टी नाही असं सांगितलं होतं.

मला वाऱ्यानं अडवलं, भाई. कंपनीचं नाव घेतलं ती चूक झाली.

अम्माला यातलं काही सांगू नका. तिला फोटो दाखवू नका. तिचं वय झालं आहे.

तुमचा,
खैरुद्दीन


मुसफ्फा
शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४

भाई,

दोन पत्रांना उत्तर नाही. तरी लिहितो, कारण एक गोष्ट ऐकली आणि आठ दिवस ती डोक्यातून जात नाही.

आपल्या खालच्या आळीतला, पूर्वी ट्रक चालवायचा तो, आता दुबईला इंटरनॅशनल सिटीत राहतो. गेल्या शुक्रवारी भेटला. चहा घेता घेता सहज म्हणाला, गावात आता मय्यतीला हमदुल्लाला कुणी बोलवत नाही. मी म्हटलं, का, तब्येत बरी नाही का. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुला खरंच माहीत नाही?"

मग त्यानं सांगितलं. मला माहीत असलेल्या गोष्टी सांगितल्या आणि मधेमधे माहीत नसलेल्या.

गेली तीस वर्षं आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक मेलेल्या पुरुषाला तुम्ही गुस्ल दिलंत, शेवटची आंघोळ तुमच्या हातची. लहान होतो तेव्हा मला तुमच्या हातांची भीती वाटायची. मग मोठा झालो आणि अभिमान वाटायला लागला. तुमचा नियम सगळ्यांना माहीत होता: मय्यत थांबवायची नाही. आखातातल्या मुलाची वाट बघायची तर एका विमानापुरती, त्यापुढे नाही. आपल्या गावात शाळा न शिकलेल्या म्हातारीलाही दुबईचं विमान किती वाजता सुटतं आणि गाडी मुंबईहून किती तासांत येते हे पाठ असतं, आणि कबर त्या हिशेबानं खणली जाते. करीमचाचा गेले तेव्हा त्यांचा मुलगा कुवेतहून निघाला होता. घाटात दरड पडली आणि गाडी दोन तास अडकली. त्याच्या आईनं तुमचे पाय धरले. तुम्ही म्हणालात, मेलेल्या माणसाचा हक्क जिवंत माणसाच्या हौसेपेक्षा मोठा आहे. आणि जनाजा उचलला. तो मुलगा पोचला तेव्हा लोक हात धूत होते.

तेच तुम्ही माझ्यासाठी सत्तावीस तास थांबलात.

ट्रकवाला म्हणाला, बुधवारी दुपारी पेशइमामसाहेब तुम्हाला दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, माझा भाऊ येतो म्हणालाय. कफन बदलावं लागलं. बर्फाचं पाणी ओटीवरून अंगणात जात होतं आणि बायका ते ओलांडून आत येत होत्या. करीमचाचांची बायको दारात उभी होती. ती ओरडली नाही, तिनं फक्त विचारलं, "हमदू, आज कुणाचा हक्क मोठा रे?"

त्यानंतर पाच मय्यती झाल्या. पाचही वेळा दुसऱ्याला बोलावलं.

मी ट्रकवाल्याला म्हणालो, त्यात भाईची काय चूक. तो म्हणाला, चूक कुणाचीच नाही, तुला कंपनीनं सोडलं नाही, पण त्यानं स्वतःचा नियम स्वतःच्या बापासाठी मोडला, लोकांना ते लागलं. चहाचे पैसे त्यानंच दिले. वर म्हणाला, "तुमच्या मालकाला किडे पडतील."

माझ्या पत्रात वाऱ्याबद्दल जे लिहिलं आहे ते नीट लिहिलेलं नाही. पण आज इतकंच.

खैरुद्दीन


मुसफ्फा
बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

भाई,

रमजानला दहा दिवस राहिले. रोजे धरायच्या आधी हे लिहून संपवायचं ठरवलं आहे. सहा वेळा लिहिलं आणि फाडलं. प्रत्येक वेळी कुठेतरी मधे मी स्वतःला जरा बरा करून घेत होतो.

वारा नव्हता. समुद्र परातीत पाणी ठेवावं तसा सपाट होता. सगळ्या बोटी वेळेवर सुटल्या.

सुट्टी शेवटच्या घटकेला मिळाली नव्हती. मार्च महिन्यात अर्ज केला होता आणि मालकांनी उभ्या उभ्या सही केली. केरळचे आहेत, पण इथे चाळीस वर्षं काढलेली, निम्मं बोलणं अरबी. म्हणाले, यल्ला खैरू, बावीस वर्षांत पहिल्यांदा गावाशिवाय कुठे निघालास, मजा कर. पासपोर्ट माझ्या घरी कपाटात असतो. आता इथे तसा कायदाच आहे, कामगाराचा पासपोर्ट कामगाराकडे. गावाला अजून पंचवीस वर्षांपूर्वीचं आखात माहीत आहे, म्हणून तुम्हा सगळ्यांना ते खरं वाटलं. मी ते बोललो तेव्हा पासपोर्ट माझ्या पॅंटच्या खिशात होता. त्याचा कोपरा मांडीला टोचत होता.

सुमैय्याची हौस नव्हती. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. बेट मी शोधलं, हॉटेल मी ठरवलं. ती म्हणत होती, यंदा गावाला जाऊ, अब्बांचा आवाज फोनवर बरा येत नाही. मी म्हटलं, दिवाळीत जाऊ. जून महिन्यात अब्बांनी स्वतः फोन केला. तुम्हाला माहीत आहे, ते कधी स्वतःहून करायचे नाहीत. म्हणाले, "या खेपेला आठ दिवस ये, खैरू. काही आणू नको. माझ्यापाशी बस फक्त." मी म्हटलं, अब्बा, शटडाउनचं काम आलंय, सुट्टी मिळत नाही. ते म्हणाले, बरं, कामाला नाही म्हणू नये. आणि माझ्या रोजीसाठी दुआ केली.

का केलं असं विचाराल. गावात मी आलो की ओटीवर बसतो आणि लोक येतात. कुणाला मुलासाठी व्हिसा हवा, कुणाच्या घरी मौत झालेली असते तिथे जायचं, कुणाचं लग्न, मशिदीचं छप्पर, तुमचं आणि शेजाऱ्यांचं बांधाचं भांडण. तीस दिवसांत मुलांशी तीस वाक्यं बोलत नाही. मला सात दिवस कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई व्हायचं नव्हतं. वाईट माणसालाच असं वाटतं असं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. असेलही. पण मी ते बापाला खोटं सांगून केलं.

आणि ते सात दिवस फार चांगले होते, भाई. हे लिहिल्याशिवाय बाकीचं खरं होणार नाही. आमच्या खोलीखालीच पाणी होतं. सकाळी कुणाला घाई नाही. एक म्हातारा तुतीच्या झाडाखाली जाळं विणत बसायचा, आपल्याकडे बसतात तसाच, पाय पसरून, अंगठ्याला दोर गुंडाळून. दुसऱ्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावलं. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी नाही. मी त्याच्या हातातली सुई घेतली आणि चार गाठी मारून दाखवल्या, अब्बांनी शिकवलेल्या. तो हसला आणि मला अंजीर दिलं. यम्ना म्हणाली, अब्बू, यू आर ॲक्च्युअली लाफिंग. अहमद पहिल्यांदा माझ्यासोबत पोहला. चौदा वर्षांचा झाला, त्याच्या बापाला पोहता येतं हे त्याला माहीत नव्हतं. नमाज मी खोलीच्या गच्चीवर पढायचो, आणि मला वाटायचं की आज मन लागतंय.

तुमचा फोन आला तेव्हा तिथे सकाळचे अकरा वाजायला आले होते. मी वाळूवर उभा होतो, पायाला पाणी लागत होतं. तुम्ही म्हणालात, "खैरू, अब्बा गेले. तू संध्याकाळचं विमान पकड." त्याच क्षणी मी म्हणू शकत होतो की भाई, मी अबू धाबीत नाही, मी दूर आहे, थांबू नका. दोन वाक्यं होती. तुम्ही रडला असता आणि अब्बांना त्याच दिवशी संध्याकाळी मगरिबला माती दिली असती. माझ्या तोंडून निघालं, थांबा, मी येतो. आखातातला माणूस जे म्हणतो ते.

मग मी बंदरावर गेलो. तिकीट खिडकीवर एक मुलगी होती. तिला मुंबई कुठे आहे माहीत होतं. तिनं कागदावर सगळं मांडून दिलं: संध्याकाळची बोट, रात्री अथेन्स, दुसऱ्या दिवशीचं विमान, अबू धाबी, मुंबई. पुढचा रस्ता मी स्वतः मिळवला. गुरुवार दुपार. त्याआधी कुठल्याही तऱ्हेनं नाही. तिनं विचारलं तिकीट देऊ का. मी म्हटलं, विचारून येतो.

तेव्हा साडेअकरा झाले होते. म्हणजे तुमच्या फोननंतर पाऊण तासात मला पक्कं माहीत होतं की मी येणार नाही. तुम्ही त्यानंतर सव्वीस तास माझ्या नावावर बसलात आणि मला ते माहीत होतं. दर तासाला ठरवायचो, आता करतो फोन. पण फोन करणं म्हणजे मी कुठे आहे ते सांगणं. आणि जसजसा उशीर होत गेला तसतसं आणखी एक गोष्ट सांगावी लागणार होती, की इतका वेळ का नाही सांगितलं. तुमच्याकडे एकेक लादी वितळत होती आणि माझ्याकडे एकेक तास.

मी परत गेलो. सुमैय्यानं विचारलं कुणाचा फोन. मी म्हटलं ऑफिसचा. दुपारी बोटीची सैर आधीच ठरलेली होती. गेलो. तो फोटो तेव्हाचा आहे. लोकांना वाटेल की मी मुलांसाठी हसलो, आतून रडत होतो. मलाही तसं लिहायचं होतं. पण सुमैय्यालाही न सांगितलेली गोष्ट तुम्हाला सांगतो. बोटीवर काही वेळ, अर्धा तास असेल, अब्बा गेले हे मी विसरलो होतो. थंड कलिंगड होतं, मुलं एकमेकांवर पाणी उडवत होती. मी विसरलो.

फजरला तुमचा फोन आला आणि पासपोर्टचं खोटं माझ्या तोंडात आयतं तयार होतं. तुम्हीच म्हणालात, मग ऑफिस उघडलं की सुटशील ना, दुपारपर्यंत थांबतो. मी म्हटलं, बघतो. मग फोन बंद केला. बॅटरी संपली नव्हती. अंगठ्यानं दाबून बंद केला आणि संध्याकाळी, असर तुमच्याकडे होऊन गेल्यावर, चालू केला.

सुमैय्याला त्यानंतर सांगितलं. ती म्हणाली, "मला बायको म्हणून नाही, त्यांची सून म्हणून तरी सांगायचं होतंत." उरलेले तीन दिवस ती खोलीतच होती. मुलांना आम्ही सांगितलं तिला ऊन लागलंय.

इथे परत आल्यावर मालक माझ्या वर्कशॉपमध्ये आले, लोखंडाच्या चौकटीवर बसले, तासभर. खजूर आणले होते. म्हणाले, मला एक फोन केला असतास तर मी काहीतरी केलं असतं. त्यांना माहीत नाही की आपल्या गावात त्यांचं नाव कशाशी जोडलं गेलं आहे.

इथल्या इमामसाहेबांना मी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, नमाज-रोज्यातली कसूर अल्लाह माफ करेल, ते त्याचं आहे. पण माणसाचं जे घेतलंस ते त्या माणसानंच माफ करावं लागतं. अब्बा आता काही माफ करायला नाहीत. तुम्ही आहात. तुमचं मी दोन तऱ्हेचं घेतलं, तुमचा बाप नीट जाऊ दिला नाही, आणि तुमचं नाव.

म्हणून सोबत वेगळा कागद ठेवला आहे. त्यात सगळं आहे, थोडक्यात, माझ्या सहीनं. येत्या जुम्म्याला नमाजेनंतर तो जमातीपुढे पेशइमामसाहेबांकडून वाचून घ्या. करीमचाचांच्या बायकोपर्यंत पोचेल असं करा. हमदुल्ला थांबला कारण भाऊ खोटं बोलला, एवढं लोकांना कळलं पाहिजे. अम्मालाही कळेल. ते मी सोसेन.

आणि तुम्हाला जमेल तर मला माफ करा. जमेल तेव्हा.

खैरुद्दीन


मुसफ्फा
बुधवार, २ एप्रिल २०२५

भाई,

फहद ईदच्या दुसऱ्या दिवशी आला. उम्म अल कुवैनच्या रंगाच्या कारखान्यात लागून त्याला तीन आठवडे झाले आणि मला पत्ता लागला नव्हता. बस बदलत बदलत आला. आधी वाटलं ईदला भेटायला आलाय. सुमैय्यानं शीरखुर्मा दिला, तो त्यानं सगळा खाल्ला, वाटी खाली ठेवली आणि शर्टाच्या खिशातून माझा कागद काढला. जमातीसाठी लिहिलेला. ज्या घड्या मी घातल्या होत्या त्याच होत्या.

म्हणाला, "चाचा, अब्बांनी परत दिलाय."

मी विचारलं, वाचला का. तो म्हणाला, दोनदा वाचला. मग मला दिला आणि म्हणाले तूही वाच.

मी म्हटलं, मग जमातीपुढे?

त्यानं तुमचं वाक्य पाठ करून आणलं होतं, मान खाली घालून सांगितलं. "अब्बा म्हणाले, त्याला हलकं व्हायचं असेल तर त्यानं तिकडे व्हावं. इथे अम्मा आहे."

मग तो स्वतःचं बोलला. दादी सगळ्या गावाला सांगते की माझ्या खैरूला कंपनीनं बांधून ठेवलं, नाहीतर तो उडत आला असता. लग्नात सांगते, दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईला सांगते. लोक ऐकून घेतात. तिच्याजवळ आता तेवढंच आहे. तो कागद वाचला तर जमात मला दोन दिवस शिव्या देईल आणि विसरेल, दादी कुठे जाईल. मी गुस्लचं विचारलं, भाई आता काय करतात. तो म्हणाला, काही नाही. कुणी गेलं की घरी बसून राहतात. म्हणतात हातांना आराम मिळाला.

"आणि माफीचं काही म्हणाले?"

"नाही. मी विचारलंही नाही." मग म्हणाला, "चाचा, माणगावहून बर्फ मी आणला. रात्रभर पाण्यात उभा होतो. मला पण कुणी काही विचारलं नाही."

मी त्याला विचारायला हवं होतं. तो माझ्याशी उद्धट वागला नाही. वागला असता तर बरं झालं असतं.

तुमच्याकडे त्या दिवशी ईद होती. निघायच्या आधी त्यानं घरी व्हिडिओ फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तुम्हाला हे माहीत आहे, तुम्ही तिथे होता, पण मला लिहू द्या. अम्मानं फोन इतका जवळ धरला होता की तिचं कपाळ आणि एक डोळा तेवढा दिसत होता. तिनं ईदची दुआ दिली, मुलांची चौकशी केली. अहमद माझ्या शेजारीच होता, त्यानं हात हलवला. मग ती म्हणाली, "तुझा तो मालक अजून जिवंत आहे का रे?"

मी म्हटलं, आहे, अम्मा.

ती म्हणाली, "सगळा रमजान मी दर नमाजीला एकच दुआ मागितली. आज ईद आहे, तुझ्यासमोर मागते. ज्यानं माझ्या लेकराला त्याच्या बापाच्या मातीला येऊ दिलं नाही, त्याला त्याच्या लेकरांच्या हातची माती नशिबी येऊ नये. आमीन म्हण, खैरू."

सुमैय्या दारात उभी होती. तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं आता बोलावं, इथेच, आत्ताच, आणि संपवावं. मग तुमचा निरोप आठवला. अम्मा वाट बघत होती. ती दोनदा म्हणाली, ऐकू येतंय ना रे.

मी म्हटलं, आमीन.

आणि तिच्या मागून, फोनमध्ये न दिसता, तुम्ही आमीन म्हणालात. घाईनं नाही, जनाज्याच्या दुआत म्हणता तसं, पूर्ण. फहद दाराशी बूट चढवत होता, त्याचा हात तसाच राहिला. अम्मा खूश झाली. म्हणाली, बघ, हमदू पण आहे. बोल त्याच्याशी. मग तिकडे पावलं वाजली आणि दार लागलं. अम्मा म्हणाली, गेला वाटतं मशिदीत.

तुमचा,
खैरुद्दीन